जाळीवरचा अननस : एक रसग्रहण

मराठीची शिक्षिका म्हणून रसग्रहणाच्या उत्तरांचे इतके गठ्ठे तपासले आहेत, की पहिली ओळ मला न वाचताही सांगता येते. 'प्रस्तुत कवितेत कवीने…' आणि मग आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असा तीन कप्प्यांचा डबा. रस कुठेच नसतो, ग्रहण मात्र खग्रास लागलेलं असतं. निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं, की आता या शब्दाच्या वाटेला जायचं नाही. तो निश्चय मोडायला कारण झाला एक अननस.

कृती म्हणावी तर चार ओळींची. अननसाच्या बोटाच्या जाडीच्या चकत्या करून कोळशाच्या शेगडीवर, जाळीवर दोन्ही बाजूंनी भाजायच्या. खोलगट ताटलीत गार केलेला नारळाचा रस घालायचा. शिरवाळ्यांबरोबर खातात तोच, गूळ-वेलचीचा. त्यात गरम चकती ठेवायची. वर मूठभर राजगिऱ्याच्या लाह्या. संपलं. गहू नाही, मैदा नाही, रवा नाही, आणि त्यांच्या जागी बसवलेलं दुसरं कुठलं पीठही नाही.

माझ्या भाचीला सीलिअ‍ॅक आहे. कणीक मळली की ती ज्याच्यामुळे ताणली जाते, ते गव्हातलं चिवट प्रथिन म्हणजे ग्लुटेन. जवात आणि राय नावाच्या धान्यातही त्याची भावंडं असतात. ते पोटात गेलं की भाचीच्या शरीरातली संरक्षणाची यंत्रणा खवळते आणि स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराचा नाश करू लागते. यावर पथ्य हेच औषध, आणि तेही जन्मभराचं. निदान झालं तेव्हा ती कॉलेजात होती. पहिलं वर्षभर लग्नाच्या पंगतींत रडवेली होऊन बसायची. आता सरावली आहे. कोणी आग्रह करायला लागलं की म्हणते, "माझी रोजचीच एकादशी."

तिने विनोदाने वापरलेला तो शब्द माझ्या डोक्यात राहिला. उपवासाच्या ताटात गहू नसतो, पण ते ताट कुणाला रिकामं वाटत नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे काही उगाच म्हणत नाहीत. साबुदाण्याची खिचडी खाताना आपण 'गहू वगळलेली खिचडी' खातोय असं कुणाच्या मनातही येत नाही. भाचीसाठी दुकानातून जे गोड आणतो, त्याच्या पाकिटावर मात्र आत काय नाही तेच आधी छापलेलं असतं. केक असतो, पण दर घासाला खऱ्या केकची आठवण करून देणारा. बिस्किट असतं, ते तोंडात गेल्यावर त्याची रांगोळी होते. अडखळतं भाषांतर वाचताना मूळ कविता सारखी आठवत राहावी, तसा तो प्रकार. जाळीवरचा अननस कशाचंही भाषांतर नाही, आणि मला तो आवडला त्याचं पहिलं कारण हे.

सीलिअ‍ॅकच्या इतिहासातही 'काय आहे' आणि 'काय नाही' यांचा एक मोठा घोळ आहे, आणि मजा म्हणजे त्याच्या मध्यभागी एक फळच आहे. 1924 मध्ये न्यू यॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी अशा मुलांसाठी केळ्यांचा आहार सुचवला. पाव, बिस्किटं, बटाटे, सगळी धान्यं बंद, केळी भरपूर. हाडांचा सापळा झालेली मुलं बाळसं धरू लागली. केळ्याचा जयजयकार झाला आणि पुढे कितीतरी वर्षं डॉक्टर मंडळी केळी लिहून देत राहिली. मुलं बरी होत होती ती पाव बंद झाल्यामुळे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना मात्र गव्हाचा संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली, पाव दिसेनासा झाला. अवघा देश खंगत असताना या मुलांची प्रकृती मात्र ढासळली नाही, आणि डिकेंचा संशय पक्का झाला. 1950 साली त्यांनी तो आपल्या प्रबंधात सप्रमाण मांडला.

हासांनी ताटातल्या वस्तूला श्रेय दिलं. ताटात नसलेली वस्तू त्यांच्या नजरेतून निसटली. उत्तरपत्रिकेत मी त्यांना 'विधान बरोबर, कारण चूक' असा शेरा दिला असता. आज आपलं नेमकं उलट होतं. पदार्थात गहू नाही एवढं कळलं की आपलं वाचन थांबतं, आणि आत जे आहे ते चाखायचं राहून जातं. म्हणून पुढचं सगळं मी आत असलेल्या गोष्टींबद्दलच लिहिणार आहे. एक अपवाद सोडून. तो आधी सांगून टाकते, कारण त्यात चूक माझीच आहे.

पहिल्यांदा केलं तेव्हा चकत्यांना जरासं तूप लावावं म्हणून मी ओट्यावरची वाटी उचलली. भाचीने विचारलं, "मावशी, हे तूप पोळीचं का गं?" मी म्हटलं, हो, मग? तिने वाटीत बोट दाखवलं. तुपाच्या कडेला पिठाचे दोन-चार कण चिकटलेले. रोज गरम पोळीवर फिरणारा चमचा त्याच वाटीत परत जातो, हे मी चाळीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. आपल्याकडे 'ग्लुटेन-फ्री' म्हणवणाऱ्या पदार्थात एका किलोमागे ग्लुटेन 20 मिलिग्रॅमच्या वर असू नये असा नियम आहे. 20 मिलिग्रॅम म्हणजे चिमटीत धरता येणार नाही इतकं. हिंगाच्या डबीतही मैदा असू शकतो, हेही तिनेच मला शिकवलं. आता तिच्यासाठी बिडाचा तवा वेगळा, जाळी वेगळी, तुपाची वाटी वेगळी. 'नाही' हा शब्द लिहायला सोपा आहे. स्वयंपाकघरात तो खरा करायचा तर घासणी घेऊन बसावं लागतं.

तर आता फळ. अननस आंब्यासारखा अढीत पिकत नाही. झाडावरून उतरवला त्या दिवशी जितका गोड होता तितकाच गोड. नंतर फक्त रंग बदलतो आणि मऊ पडतो. त्यामुळे फळवाल्याकडे 'दोन दिवसांनी खायचाय' वगैरे हिशेब इथे चालत नाहीत. बुडाशी नाक न्यायचं; वास आला तर घ्यायचा. बुडाकडचा भाग शेंड्यापेक्षा गोड असतो, कारण खालचे डोळे आधी पिकतात. हे डोळे म्हणजे एकेक फूल. शंभराहून जास्त फुलं एकमेकांत मिसळून एक अननस होतो, आणि त्यांच्या ओळी तिरक्या, वळत वळत वर चढतात. हातगाडीवरचा माणूस सुरीने त्या ओळींवरूनच खाचा पाडत जातो आणि डोळे काढल्यावर फळावर जिन्यासारखी नक्षी उमटते. ही नक्षी जाळीवर फार कामाची. खाचांच्या कडा आधी तपकिरी होतात आणि चकतीला एकच एक रंग येत नाही.

जाळीवर ठेवल्यावर पहिला आवाज येतो तो फसफसण्याचा. अननसाच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे 86 ग्रॅम पाणीच असतं. चकतीच्या अंगावर पाणी आहे तोवर तिचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जाऊ शकत नाही, आणि शंभर अंशांना साखरेला काहीही होत नाही. फळातली फ्रुक्टोज 110 च्या आसपास तांबूस व्हायला लागते, आपली नेहमीची साखर 160 च्या पुढे. पाणी उडून जाईपर्यंत तुम्ही फळ भाजत नसता, वाफवत असता. घाईची माणसं इथेच फसतात. चकती उलटतात, ती फिकट निघते, पुन्हा उलटतात, आणि शेवटी हाती येतो तो उकडलेला अननस. उपाय अगदी साधा. चकत्यांना चिमूटभर मीठ लावून अर्धा तास ठेवायचं, सुटलेलं पाणी ओतून द्यायचं, मग स्वच्छ पंच्याने टिपून चकत्या कोरड्या करायच्या. मग फसफस थोडक्यात आटपते आणि आवाज बदलतो. बारीक, कोरडा, चुरचुरता. कवितेत वृत्त बदललं की कान टवकारतात ना, तसं व्हायला हवं. ज्यांना हा फरक ऐकू येतो त्यांना घड्याळ लागत नाही. बाकीच्यांनी एकेका बाजूला चार-पाच मिनिटं धरावीत, आणि मध्ये चकतीला हात लावू नये.

याच वेळी आत दुसरं काहीतरी घडत असतं. कच्चा अननस खूप खाल्ला की जीभ चुरचुरते, टाळू सोलल्यासारखा होतो. अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं. आपण अननस खातो तेव्हा अननसही आपल्याला थोडंसं खात असतो. या विकराने मला पूर्वी एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय. पाडव्याला चक्क्यात कच्च्या अननसाचे तुकडे घालून श्रीखंड केलं होतं. सकाळी सुंदर लागलं. संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा ते कडू आणि पातळ झालेलं. मी दूधवाल्याला दोष दिला, बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. ब्रोमेलेनने दह्यातली प्रथिनं तोडली होती आणि त्या तुकड्यांची चव कडू असते. आच लागून फळ सत्तर अंशांच्या वर गेलं की हे विकर निकामी होतं. म्हणून रायत्यात, श्रीखंडात अननस शिजवूनच घालतात, आणि म्हणून जाळीवरचा अननस जिभेला चावत नाही. आंबटपणा राहतो, दंश जातो. विस्तव फळाला गोड करतो असं सरसकट म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. पाणी उडाल्याने गोडी दाटते हे बरोबर, पण जिभेवर जो निवांतपणा येतो तो दंश गेल्यामुळे.

आता शब्दांकडे येते. शिक्षिकेची खोड जायची नाही. भाजण्यासाठी मराठीत केवढे शब्द आहेत! तांबूस, बदामी, खरपूस, खमंग, होरपळलेलं, करपलेलं, कोळसा झालेलं. ही शिडी आहे आणि प्रत्येक पायरीला स्वतःचा वास आहे. पण पाहा, 'खरपूस' आणि 'खमंग' आपण कशाला म्हणतो? बेसनाला, भाकरीच्या पापुद्र्याला, दाण्यांना, थालीपिठाला. पिकलेल्या फळाला हे शब्द लावायची आपल्या जिभेला सवय नाही, कारण पिकलेलं फळ आपण विस्तवावर धरतच नाही. पन्ह्यासाठी कैरी भाजतो, पण ती आंबट. रताळं भाजतो, आठळ्या भाजतो, वांगं तर भरताचं दैवतच. आंबा, केळं, अननस ही मंडळी मात्र सोवळ्यात. त्यामुळे भाजलेल्या अननसाचा पहिला घास घेताना मेंदू जरा गोंधळतो. वास खमंग, बेसनाच्या लाडवाच्या वाटेवरचा. आणि जिभेवर येतो तो आंबटगोड रस. इथेच मला हा पदार्थ उमगला. पिठाच्या गोडात आपल्याला जे आवडतं त्यातला मोठा वाटा या तांबूस होण्याचा असतो. केकची कड, नानकटाईचं बूड, करंजीचा पापुद्रा. त्या चवीला गव्हाचीच गरज नाही. साखर हवी, कोरडेपणा हवा आणि वेळेवर थांबणारा हात हवा.

हे काही माझं संशोधन नाही. ब्राझीलमध्ये मांस भाजणारी जी खाणावळवजा हॉटेलं असतात, तिथे जेवणाच्या शेवटी अख्खा अननस साखर-दालचिनी लावून सळईवर भाजतात आणि टेबलाशी आणून त्याचे काप उतरवून देतात. हक्कच आहे त्यांचा. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कोलंबसाच्या लोकांना तो 1493 मध्ये ग्वादेलूप बेटावर भेटला. पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं नावही बरोबर आणलं. इंग्रजांनी त्याचं बारसं स्वतःच्या मनाने केलं; आपण अननस म्हणतो तेव्हा तिकडचाच शब्द उच्चारत असतो. जहांगीरने आपल्या आठवणींत या फळाबद्दल लिहिलंय. फिरंग्यांच्या बंदरांतून आलेला अननस तेव्हा आग्र्याच्या बागेत दरसाल हजारोंनी होत असे. राजगिऱ्याचंही तेच. आपण त्याला उपवासाचं धान्य म्हणून देवघराशी नेऊन ठेवलं, पण लाडवाचा राजगिरा अमेरिका खंडातला, आणि तो गवताच्या कुळातलाच नव्हे. मग गव्हाशी त्याचं सोयरसुतक कुठून असणार? म्हणजे माझ्या ताटलीत दोन अमेरिकन पाहुणे, आणि खाली यजमान म्हणून नारळ आणि गूळ.

त्या रसाबद्दल थोडं. नारळाचं पहिलं घट्ट दूध आणि दुसरं जरा पातळ, दोन्ही एकत्र. गूळ चिरून त्यात नुसता विरघळवायचा. रसाला उकळी फुटू द्यायची नाही, दूध फुटतं. हे कोकणातल्या कुठल्याही घरात सांगावं लागत नाही. वेलची, मिठाची कणी, आणि मग तासभर फ्रिजमध्ये. गूळ चवीपेक्षा अंमळ जास्त घालायचा. पदार्थ गार असला की जिभेला गोडी कमी जाणवते, गरम असला की जास्त. विरघळलेलं आइस्क्रीम अति गोड का लागतं, त्याचं कारण हेच. त्यामुळे गरम चकतीला साखर लावायची गरज नाही आणि गार रसात हात आखडता घेऊन चालत नाही. ब्राझीलच्या दालचिनीला मी या ताटलीत जागा दिली नाही. एकदा घालून पाहिली. वेलचीशी तिचं पटलं नाही आणि चकतीच्या कडेचा धुरकट वास तिच्याखाली दबून गेला. दोन सुगंधी गायिका एका मैफलीत बसवू नयेत.

खाताना गंमत आहे ती पहिल्या दीड मिनिटात. चकतीखालचा रस कोमट होतो, कडेचा गारच राहतो. चमचा मधून घेतला तर एक चव, काठावरून घेतला तर दुसरी. काळे पट्टे किंचित कडवट, त्या कडूला नारळाचा स्निग्धपणा लगेच मिठीत घेतो. मध्ये दांड्याचा गोल लागतो, तो जरा चरबट. काहीजण तो कापून टाकतात, मी ठेवते. सगळंच मऊ असलं की दात कंटाळतात.

आणि दोष? आहे. राजगिऱ्याच्या लाह्या. पहिले दोन चमचे त्या कुरकुरतात, पिठाचा पापुद्रा जे काम करतो ते करतात, आणि मग रस पिऊन त्यांचा लगदा होतो. लाह्या शेवटी, वाढताना, चकतीच्या पाठीवर घालून पाहिल्या. अर्ध्या मिनिटाची वाढ मिळाली. गुळाच्या पाकात घोळून पाहिल्या, तर तो लाडूच झाला आणि अननस बाजूला पडला. भाचीने सुचवलं, लाह्या वाटीत वेगळ्या द्याव्यात, ज्याने त्याने घ्याव्यात. ते बरोबर आहे, पण मला पटत नाही. संदर्भ-स्पष्टीकरण तळटीपेत ढकलल्यासारखं वाटतं.

शेवटच्या रविवारी गच्चीत शेगडी पेटवली तेव्हा शेजारचा मुलगा वास काढत आला. नववीत जाणारा, सतत भुकेला. त्याला कुणी काही सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही नव्हतंही. दोन चकत्या त्याने बोलायच्या आत संपवल्या. ताटलीत रस उरला होता, गुळाचा, वर धुराचा एक तरंग आलेला. त्याने ताटली तिरकी करून पाहिली, चमच्याने दोनदा खरवडली आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "काकू, याच्याशी एक पोळी मिळेल का?"

भाचीला ठसका लागेपर्यंत हसू आलं. ते ओसरल्यावर ती त्याला म्हणाली, "पोळी नाही. घावन चालेल?" तांदळाचं पीठ सकाळीच भिजवलेलं होतं. मी तिचा बिडाचा तवा काढायला खाली गेले.